अल्ब्युमिन २.७ आलंय, बाटली लावू का? वडिलांच्या अटॅकनंतरच्या प्रश्नाला जरा लांबलचक उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. पारोळा तालुक्यातलं गाव, वडील ७६ वर्षांचे, शेतकरी, माळकरी, वीस वर्षांपासून शुगर. सव्वा महिन्यापूर्वी अटॅक आला, जळगावला नेलं, अँजिओप्लास्टी झाली, एक स्टेंट टाकला. डिस्चार्जच्या कागदावर अल्ब्युमिन २.७ लिहिलंय आणि निघताना तिथले डॉक्टर म्हणाले की रक्तातलं प्रोटीन फार कमी आहे, या वयात रिस्क जास्त राहते, जपा. आता घरी आल्यावर पायावर सूज आहे, जेवण निम्म्यावर आलंय, वजन ४८ किलो, क्रिएटिनिन (किडनीची रक्तातली तपासणी) १.१. कोणी सांगतंय अल्ब्युमिनची बाटली लावून घ्या, आठ दिवसांत माणूस उभा राहील, मेडिकलवाला पावडरचा डबा दाखवतोय, आणि मुलगा विचारतोय की नक्की करू काय.

भाऊ, आधी एक सांगून टाकतो, मग बाकीचं. बाटली लावू नका. पावडरचं नंतर बघू. आणि तो २.७ चा आकडा म्हणजे आजार नाही, तो आजाराचा निरोप आहे, निरोप कुणी पाठवला ते अजून कुणी बघितलेलंच दिसत नाही तुमच्या कागदांवर.

मी चोवीस वर्षं या जिल्ह्यातच मेडिसिनची प्रॅक्टिस करतोय, त्यामुळे केळीचं उदाहरण देतो, पटकन कळेल. केळीची पानं पिवळी पडली की काही जण सरळ युरिया टाकून मोकळे होतात. पण पान पिवळं नत्र कमी पडल्यामुळे असेल, मुळाशी पाणी साचल्यामुळे असेल, सूत्रकृमी असेल नाहीतर सीएमव्ही हा विषाणूचा रोग असेल, आणि सीएमव्ही असेल तर गोणीभर युरिया ओता, झाड काय सुधारणार नाही. अल्ब्युमिनचं अगदी तसंच आहे, पान पिवळं दिसतंय एवढंच आपल्याला कळलंय.

आता अल्ब्युमिन म्हणजे काय ते. रक्ताच्या पाण्यात जी प्रोटीन असतात त्यातलं सगळ्यात जास्त हेच. लिव्हर बनवतं, रोज साधारण १० ते १५ ग्रॅम. नॉर्मल ३.५ ते ५ धरतात. याचं मोठं काम म्हणजे पाणी रक्तवाहिनीच्या आत धरून ठेवणं, त्या ओढीतला ७० ते ८० टक्के वाटा एकट्या अल्ब्युमिनचा. शिवाय ते हमालासारखं आहे, औषधं, कॅल्शियम, फॅटी ॲसिड, बिलिरुबिन सगळं पाठीवर घेऊन फिरतं, आणि गंज चढू न देण्याचं कामही करतं ज्याला आम्ही अँटिऑक्सिडंट म्हणतो, आणि प्लेटलेट चिकटण्यावरही थोडा लगाम ठेवतं. म्हणजे हार्टच्या दृष्टीने हे कामाचं प्रोटीन आहे यात शंका नाही.

आणि डॉक्टर जे म्हणाले ते खरंच आहे. अटॅक घेऊन आलेल्या वयस्कर पेशंटमध्ये ज्यांचं अल्ब्युमिन ३.५ च्या खाली असतं त्यांच्यात पुढचा त्रास जास्त होतो हे वेगवेगळ्या देशांतल्या अभ्यासांत परत परत दिसलंय. हार्ट फेल्युअर, बीपी पडणं, किडनीला धक्का, जास्त दिवस ॲडमिट राहणं, आणि मृत्यूचं प्रमाणही. वय, शुगर, किडनी, पंपिंग हे सगळं हिशोबात धरलं तरी फरक बऱ्याच अभ्यासांत उरतोच. गंमत म्हणजे अटॅकच्या पेशंटची रिस्क काढायला जगभर जो ग्रेस स्कोअर वापरतात त्यात वय आहे, नाडी आहे, बीपी आहे, क्रिएटिनिन आहे, फुफ्फुसात पाणी आहे का ते आहे, ईसीजी आणि एंझाइम आहे, येताना हार्ट बंद पडलं होतं का तेही आहे, पण अल्ब्युमिन नाही. मी मात्र राउंडला सत्तरीच्या पुढच्या माणसाचा कागद उघडला की ट्रोपोनिननंतर डोळा तिकडेच जातो, कारण ट्रोपोनिन सांगतं हार्टला मार किती बसला आणि अल्ब्युमिन सांगतं मार खाणारा माणूस मुळात किती दमाचा होता.

ट्रोपोनिनसुद्धा प्रोटीनच आहे बरं का, घोळ नको. नातेवाईक विचारतात, "एक प्रोटीन वाढलंय म्हणता, एक कमी झालंय म्हणता, नक्की काय?" ट्रोपोनिन हे हार्टच्या स्नायूच्या आतलं, स्नायू मेला की फुटून रक्तात येतं, काही तासांत वाढतं आणि आठ-दहा दिवस रेंगाळतं. ते रक्तात नसलेलंच चांगलं. अल्ब्युमिन रक्तातलंच रहिवासी, ते कमी झालेलं वाईट. तिसरं सीआरपी, ते सूज किंवा इन्फेक्शनमध्ये वाढतं आणि अटॅकनंतर दोन-तीन दिवसांत तेही चढतं. हे तिसरं का सांगतोय ते आता येतं.

लोकांचा पक्का समज असतो की अल्ब्युमिन कमी म्हणजे खाणं कमी. डॉक्टर लोकांचासुद्धा असतो, कशाला खोटं बोलू. पण अल्ब्युमिनचं अर्धं आयुष्य जवळजवळ तीन आठवड्यांचं आहे, म्हणजे आज खाणं बंद केलं तरी परवा ते धाडकन पडत नाही. मग ज्याचं ॲडमिट होताना ३.५ होतं त्याचं तिसऱ्या दिवशी २.९ कसं होतं? खाण्याने नाही होत. अटॅक म्हणजे अंगात पेटलेली आग, त्या आगीत लिव्हर आपलं काम बदलतं, सीआरपीसारखी प्रोटीन भराभर बनवतं आणि अल्ब्युमिनचं काम मागे टाकतं. त्यात बारीक रक्तवाहिन्या पाझरायला लागतात, अल्ब्युमिन बाहेर मांसात जाऊन बसतं. चांगल्या माणसातही तासाला पाचेक टक्के बाहेर झिरपतच असतं आणि फिरून परत येतं, आजारात हे झिरपणं दुप्पट-तिप्पट होऊ शकतं. आणि त्यावर आपण सलाईन चढवतो, मग रक्त पातळ होऊन आकडा अजून खाली.

म्हणून माझा पहिला प्रश्न तुम्हाला: तो २.७ कोणत्या दिवसाचा आहे? फाईलमध्ये ॲडमिट झाल्या दिवशीचा रिपोर्ट शोधा. त्यातच २.८ असेल तर माणूस आधीपासून खंगलेला होता किंवा कुठूनतरी प्रोटीन गळत होतं. पहिल्या दिवशी ३.६ आणि डिस्चार्जला २.७ असेल तर गोष्ट वेगळी आहे, बरीच कमी घाबरायची आहे, यातलं बरंचसं सहा आठवड्यांत आपोआप वर येतं. तुम्ही दिलेल्या माहितीत एकच आकडा आहे आणि एका आकड्यावरून मी काय, कुणीच काही बोलू नये.

आपल्याकडचा उन्हाळा यात अजून गंमत करतो. मे महिन्यात भुसावळ-जळगावला ४५ च्या पुढे पारा, लग्नाच्या वरातीत घामाने निथळलेला म्हातारा माणूस छातीत दुखतंय म्हणून येतो, अंगातलं पाणी आटलेलं, अल्ब्युमिन ४.१ येतं, सगळे खुश. दोन बाटल्या सलाईन गेलं की सकाळी ३.३. माणूस तोच, रात्रीतून काही कुपोषित झाला नाही. पेशंट आडवा असताना रक्त घेतलं आणि बसवून घेतलं तरी फरक पडतो, दंडाला पट्टा आवळून लॅबवाला दोन मिनिटं शीर शोधत बसला तर आकडा वर येतो. दोन लॅबच्या पद्धतीतही थोडा फरक असतो. म्हणून पुढची तपासणी एकाच लॅबमध्ये, सकाळी, दहा-पंधरा मिनिटं खुर्चीत शांत बसवून करा आणि अटॅकपासून सहा आठवडे झाल्याशिवाय करू नका. तुमचे तेवढे दिवस आता होतच आलेत.

आता बाटलीचं. हे जरा मन मोकळं करून सांगतो कारण ही चूक मी स्वतः केलेली आहे. प्रॅक्टिसच्या पहिल्या दोन-तीन वर्षांतली गोष्ट, सत्तरीच्या पुढच्या एक आजी, अटॅक होऊन गेलेला, पंपिंग कमी, अल्ब्युमिन २.३, पाय भरलेले. घरचे म्हणाले पैशाचं बघू नका, आणि मलाही वाटलं आकडा वर येईल तर बरंच आहे. लागोपाठ दोन दिवस एकेक बाटली लावली. दुसऱ्या रात्री दोन वाजता सिस्टरचा फोन, आजी उठून बसल्यात, धाप लागलीय, घसा घरघरतोय. धावत गेलो, फुफ्फुसात पाणी भरलेलं. ऑक्सिजन, लॅसिक्सचं म्हणजे लघवीवाटे पाणी काढणारं इंजेक्शन, सकाळपर्यंत खुर्ची टाकून शेजारी बसलो. आजी वाचल्या, पुढे बरीच वर्षं सुनेला घेऊन दाखवायला यायच्या. पण चार दिवसांनी अल्ब्युमिन बघितलं तर २.४. एवढं करून ०.१ कमावलं.

का असं होतं त्याचा हिशोब साधा आहे. वीस टक्क्यांची १०० मिलीची बाटली म्हणजे २० ग्रॅम अल्ब्युमिन. माणसाच्या अंगात एकूण अल्ब्युमिन ३०० ग्रॅमच्या आसपास, त्यातलं ४० टक्केच रक्तात, बाकीचं बाहेर मांसात-कातडीत. तुम्ही ओतलेले २० ग्रॅम थोड्या वेळात त्या मोठ्या साठ्यात वाटले जातात, पण जाण्याआधी स्वतःच्या मापापेक्षा कितीतरी जास्त पाणी रक्तात खेचून आणतात. तरुण हार्ट ते पेलतं. अटॅकने अशक्त झालेल्या पंपाला तेवढं पाणी एकदम म्हणजे बैल दमलेला असताना गाडीत अजून चार पोती टाकल्यासारखं. लिव्हर सिरोसिसच्या पेशंटमध्ये तर हे मुद्दाम करून बघितलंय, २०२१ साली ब्रिटनमधला अटायर नावाचा मोठा अभ्यास छापून आला, त्यात रोज अल्ब्युमिन देऊन आकडा ३ च्या वर ठेवला, आकडा वर गेला पण पेशंटचा फायदा काही झाला नाही, उलट फुफ्फुसात पाणी होण्याचे प्रकार त्या गटात जास्त दिसले. आकडा दुरुस्त करणं आणि माणूस दुरुस्त करणं यात फरक आहे तो असा. बाटली कुठेच लागत नाही असं नाही, सिरोसिसमध्ये पोटातलं पाणी भरपूर काढलं की लागते, अजूनही दोन-चार जागा आहेत. अटॅकनंतर आकडा कमी आला ही त्यातली जागा नाही.

पायावरची सूज अल्ब्युमिनमुळेच आहे हे तुम्ही धरून चाललात, तिथे जरा थांबा. नुसत्या कमी अल्ब्युमिनमुळे सूज यायला आकडा बहुतेक वेळा २.५ च्याही खाली जावा लागतो. २.७ वर सूज असेल तर मी आधी दुसरीकडे बघेन. एक, हार्टचं पंपिंग, एको म्हणजे हार्टची सोनोग्राफी परत झाली का? रात्री सपाट झोपता येतं का, दोन उशा लागतात का, मध्यरात्री उठून बसतात का? दोन, बीपीची गोळी, ॲमलोडिपिन चालू आहे का बघा, त्या गोळीने बऱ्याच जणांना घोट्यावर सूज येते आणि लोक महिनोन्‌महिने तिला प्रोटीनची सूज समजून शेंगदाणे खात बसतात. तीन, एकाच पायाला जास्त सूज आणि पोटरी दुखत असेल तर शिरेत गाठ झाली का ते बघायला लागतं, ते मात्र त्याच दिवशी. आणि चौथं, जे तुमच्या केसमध्ये मला सगळ्यात जास्त खटकतंय, ते म्हणजे लघवी.

वीस वर्षांची शुगर आहे. क्रिएटिनिन १.१ बघून सगळे निश्चिंत झाले असणार. पण ४८ किलोच्या माणसाला स्नायूच कमी, त्याचं क्रिएटिनिन मुळातच कमी बनतं, त्यामुळे १.१ दिसायला छान आणि किडनी आतून अर्धी असं होऊ शकतं. आणि शुगरची किडनी आधी प्रोटीन गाळायला लागते, क्रिएटिनिन नंतर वाढतं. चोपड्याकडचे एक निवृत्त मास्तर माझ्याकडे यायचे, अल्ब्युमिन २.६, घरच्यांनी वर्षभर पनीर, अंडी, डबे सगळं करून पाहिलं होतं. मी विचारलं, मास्तर, लघवीला फेस येतो का? म्हणाले येतो ना, संडासात साबण टाकल्यासारखा, मला वाटलं हार्पिकचा असेल. रोजचं साडेचार ग्रॅम प्रोटीन लघवीतून जात होतं. टाकीला खालून भोक आणि वरून आपण बादल्या ओततोय. तर तुमची पहिली तपासणी ही: सकाळच्या लघवीचं अल्ब्युमिन-क्रिएटिनिन रेशो. काही शे रुपयांचं काम आहे, बाटलीच्या किमतीपुढे काहीच नाही. ते आल्याशिवाय प्रोटीन किती खायचं हेसुद्धा ठामपणे सांगता येत नाही.

मग सहा आठवडे भरले की रक्तात अल्ब्युमिनसोबत लिव्हरचा पूर्ण रिपोर्ट, हिमोग्लोबिन, सीआरपी आणि टोटल प्रोटीन करून घ्या. टोटल प्रोटीनमध्ये एक फसगत असते ती सांगतो. टोटल ७.२ आलं की लोक म्हणतात प्रोटीन नॉर्मल आहे. अहो पण त्यात अल्ब्युमिन २.८ आणि ग्लोब्युलिन ४.४ असेल तर काय नॉर्मल? ग्लोब्युलिन एवढं वर म्हणजे अंगात कुठेतरी जुनं इन्फेक्शन, टीबी, लिव्हरचा आजार, नाहीतर म्हाताऱ्या माणसात मायलोमा नावाचा रक्ताचा कॅन्सर, हे शोधायला लागतं, इलेक्ट्रोफोरेसिस म्हणजे रक्तातली प्रोटीन वेगवेगळी करून बघायची तपासणी करून. तसंच कॅल्शियम. ते अल्ब्युमिनच्या पाठीवर बसून फिरतं, म्हणून अल्ब्युमिन कमी असलं की कॅल्शियमही कमी दिसतं. रिपोर्टवर ८.२ आला आणि अल्ब्युमिन २.७ असेल तर ४ मधून २.७ वजा करा, १.३, त्याला ०.८ ने गुणा, साधारण १, म्हणजे खरं कॅल्शियम ९.२ च्या आसपास, एकदम ठीक. या हिशोबाशिवाय कॅल्शियमच्या गोळ्या सुरू झालेले कितीतरी आजोबा बघितलेत.

आता खाणं. इथे मात्र घराघरात जे चालतं त्याचा मला राग येतो. अटॅक आला की दुसऱ्या दिवसापासून माणसाचं ताट रिकामं करतात. तेल बंद, तूप बंद, शेंगदाणे बंद, डाळ वात धरते म्हणून बंद, दूध कफ करतं म्हणून बंद. राहिलं काय, साबुदाण्याची पेज, मोसंबीचा ज्यूस आणि केळं. साबुदाण्यात प्रोटीन नावालाही नाही, केळ्यात एक-सव्वा ग्रॅम. रावेर-यावलच्या केळ्यावर माझं प्रेम आहे, पण त्यावर स्नायू तयार होत नाहीत. त्यात माळकरी माणूस, महिन्याच्या दोन एकादशी आणि वर चातुर्मास. मागे एक आजी घेऊन आले होते, म्हटलं आजी जेवत का नाही, तर म्हणाल्या, "जेवानी इच्छाच व्हत नई." तोंड उघडायला सांगितलं तर खालच्या बाजूला तीन दात, तेही हलणारे, हिरड्या सुजलेल्या. इच्छा कशी होणार? भाकरी चावताच येत नव्हती, आणि सुजलेल्या हिरड्या म्हणजे परत तीच आग, तेच सीआरपी. दातांच्या डॉक्टरकडे पाठवलं, पुढच्या तीन महिन्यांत बाकी काही न करता वजन दोन किलो वाढलं. तुमच्या वडिलांचं तोंड एकदा बॅटरी लावून बघा, खरंच सांगतोय. फक्त दात काढायचा ठरला तर आधी हार्टच्या डॉक्टरला विचारा, रक्त पातळ करायच्या गोळ्या दाताच्या नावाखाली स्वतःच्या मनाने एक दिवसही बंद करायच्या नाहीत, नवा स्टेंट बंद पडला तर अल्ब्युमिन कितीही असो उपयोग नाही.

किती प्रोटीन? लघवीचा रिपोर्ट बरा आला आणि किडनी ठीक असली तर आजारातून उठलेल्या वयस्कर माणसाला किलोमागे १.२ ग्रॅमच्या आसपास, म्हणजे ४८ किलोला ५८-६० ग्रॅम. किडनी खराब निघाली तर हा आकडा बदलतो, तो तुमचा डॉक्टर ठरवेल. तुम्ही लिहिलंय तसं आत्ता सकाळी चहा-खारी, दुपारी अर्धी भाकरी आणि भरीत, रात्री वाटीभर पातळ खिचडी. मी बोटं मोजून पाहिली, २० ग्रॅमही नीट भरत नाहीत.

अंडी खात नाहीत तर नका देऊ, आपल्या खान्देशी घरात अंड्याशिवाय भागतं. कळण्याची भाकरी आहे ना, ज्वारी आणि उडीद एकत्र दळलेलं, आजीबाईंनी हे कुठल्या डाएटिशियनला विचारून नव्हतं ठरवलं, पण धान्यात जे कमी पडतं ते डाळ भरून काढते, जोडी एकदम बरोबर आहे. दिवसभरात कळण्याच्या पिठाच्या दोन भाकऱ्या म्हणजे १५ ग्रॅमच्या आसपास. घोटलेली उडदाची किंवा तुरीची डाळ, कोरडी ६० ग्रॅम दोन वेळेला मिळून, घट्ट, वरचं पाणी नाही, १४ ग्रॅम. दूध-दही मिळून अर्धा लिटर, १६ ग्रॅम. पनीर ५० ग्रॅम कुस्करून, ९. फुटाण्याचं पीठ नाहीतर शेंगदाण्याचा कूट मूठभर, दुधात किंवा भाजीत कालवून, ६-७. झाले साठ. दात नाहीत तर भाकरी दुधात कुस्करा, डाळीत कुस्करा, फक्त ते दूध पाण्यासारखं नको. एका बैठकीत जात नसेल तर पाच वेळा थोडं थोडं. एक सांभाळा, कळण्याच्या पिठात मीठ घालतात ते घालू नका, ठेचा, बिबडे, लोणचं आणि हॉटेलची शेवभाजी यातलं मीठ हार्टला जड जातं, सूज असताना तर फारच. भरीत खाऊ दे, पण तेलाचा तवंग नको आणि भरितासोबत डाळ पाहिजेच, वांग्यात प्रोटीन नाही.

पावडर वाईट नाही. मुद्दा एवढाच की घरचं जेवण साठपर्यंत पोचलं तर डब्याची गरज नाही, आणि नाही पोचलं तर एक मापटं व्हे प्रोटीन म्हणजे २० ग्रॅमच्या आसपास, तेही चालेल. घेताना डब्याच्या मागे बघा शंभर ग्रॅममध्ये प्रोटीन किती आणि साखर किती, चॉकलेटच्या वासाचे काही डबे प्रोटीनपेक्षा साखरेचेच असतात आणि शुगरच्या माणसाला ते देऊन बसतो आपण.

खाण्याने फरक पडतो का, याचंही उत्तर आहे. स्वित्झर्लंडमध्ये दोन हजारांवर पेशंट घेऊन एफर्ट नावाचा अभ्यास झाला, २०१९ साली छापून आला, हे फक्त अटॅकचे नव्हते, दवाखान्यात ॲडमिट झालेले खंगलेले सगळ्या प्रकारचे पेशंट होते, बरेचसे वयस्कर. अर्ध्यांना प्रत्येकाच्या गरजेप्रमाणे कॅलरी-प्रोटीन ठरवून खायला घातलं, बाकीच्यांना दवाखान्याचं नेहमीचं जेवण. तीस दिवसांत मृत्यू एका बाजूला १०० पैकी ७, दुसऱ्या बाजूला १०. औषध नाही, इंजेक्शन नाही, ताट. बाटलीवाल्यांना मी हेच ऐकवतो.

पण नुसतं खाऊन पडून राहिलं तर ते प्रोटीन स्नायूत जात नाही हेही खरं. हार्टच्या डॉक्टरने हालचालीला परवानगी दिली असेल तर खुर्चीतून हात न टेकता उठायचं आणि बसायचं, सुरुवातीला पाच वेळा, दम न लागता हळूहळू दहा, दिवसातून दोनदा. सकाळ-संध्याकाळ अंगणात चालणं. मी ओपीडीत वयस्कर माणूस आला की रिपोर्टच्या आधी तो खुर्चीतून कसा उठतो ते बघतो, मनगटावरचं घड्याळ कोपरापर्यंत सरकतं का, पायजम्याची नाडी कुठवर ओढून बांधलीय, अंगठी दोरा गुंडाळून घट्ट केलीय का. यातून जे कळतं ते कधी कधी लॅबपेक्षा जास्त असतं. आकड्याच्या भाषेत हवं असेल तर जीएनआरआय म्हणून एक हिशोब आहे, अल्ब्युमिन आणि वजन दोन्ही धरून. उंची १६३ सेंटिमीटर धरली तर तुमच्या वडिलांचा ७४ च्या आसपास येतो, ८२ च्या खाली म्हणजे धोका मोठा. पण त्यातही अल्ब्युमिन अटॅकच्या आगीतलं आहे, म्हणून सहा आठवड्यांचा रिपोर्ट आल्यावर परत काढू, तोपर्यंत त्यावर झोप उडवून घेऊ नका.

अजून एक विषय, तुम्ही विचारला नाही पण तुमच्या मोठ्या भावाने म्हटल्याचं लिहिलंय, की एवढं अल्ब्युमिन कमी होतं तर या वयात अँजिओप्लास्टी करायलाच नको होती. त्यांना सांगा, अल्ब्युमिन कमी असणं हे इलाज न करण्याचं कारण नाही. मोठा अटॅक असतो, नळी पूर्ण बंद, ईसीजीत एसटी नावाचा भाग वर उचललेला, तिथे नळी लवकरात लवकर उघडणं यालाच प्राधान्य, वय ७६ असलं तरी. लहान प्रकारच्या अटॅकमध्ये, ज्याला एनस्टेमी म्हणतात, तिथे पंच्याहत्तरीच्या पुढे विचार करायला जागा आहे. २०२४ मध्ये ब्रिटनमधला सीनियर-रिटा अभ्यास आला, ७५ वर्षांवरचे १५१८ पेशंट, अँजिओग्राफीच्या वाटेने गेलेले आणि नुसत्या औषधांवर ठेवलेले, हार्टने मृत्यू आणि परत अटॅक हे दोन्ही मिळून बघितलं तर फरक ठामपणे दिसला नाही, पण परत अटॅक येण्याचं प्रमाण अँजिओवाल्यांत कमी होतं. म्हणजे तिथे घरच्यांशी बसून बोलून ठरवायचं. कमी अल्ब्युमिनवाल्याला अँजिओच्या डायने, म्हणजे नळ्या दिसाव्यात म्हणून सोडतात त्या औषधाने, किडनीला त्रास व्हायची शक्यता जास्त, म्हणून डाय कमी वापरणं, आधी-नंतर किडनी बघणं, एवढी काळजी वाढते. झालेल्या स्टेंटबद्दल आता घरात भांडण नको.

गोळ्यांमध्ये लक्ष ठेवायचं ते असं. अशक्त आणि वयस्कर माणसात दोन-दोन रक्त पातळ करायच्या गोळ्यांनी रक्तस्राव व्हायची भीती जास्त, शौचाला डांबरासारखं काळं झालं, हिरड्यांतून रक्त आलं, चक्कर आली तर लगेच दाखवा, पण गोळी स्वतः थांबवू नका. लॅसिक्स अल्ब्युमिनच्या पाठीवर बसून किडनीपर्यंत जाते, म्हणून अल्ब्युमिन कमी असताना तिचा असर कधी कधी कमी पडतो, डोस डॉक्टर बदलतील. आणि अशक्तपणा आला म्हणून गल्लीतल्या कुणाकडून दोन बाटल्या सलाईन चढवून आणायचा जो आपल्याकडे रिवाज आहे तो या माणसाच्या बाबतीत कायमचा बंद करा.

तर आत्ता एवढंच करा. रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, एकाच काट्यावर वजन करून वहीत लिहा. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं किंवा रात्री उठून बसावं लागलं तर वाट बघायची नाही, त्याच दिवशी दाखवायचं. या आठवड्यात लघवीचं अल्ब्युमिन आणि एको, सहा आठवडे भरले की रक्त. ॲडमिट झाल्या दिवशीचा कागद सापडला की त्यातला अल्ब्युमिनचा आकडा कळवा, आणि ॲमलोडिपिन चालू आहे का तेही. वडिलांना विचारा की लघवीला फेस येतो का, ते लाजून नाही म्हणतील, तुम्ही स्वतः एकदा बघून घ्या.